आवेलिनोचं एकच क्रियापद

सकाळी चूल पेटवायला बेनिल्दे खाली वाकायची, कमरेत नेहमीची कळ यायची, आणि ती जिरायच्या आत शेजारच्या खोलीतून आवाज यायचा, "तोका."

"आले," ती म्हणायची. काडी ओढायची, ती विझायची, दुसरी ओढायची.

"तोका."

"अरे आले म्हटलं ना."

ऑक्टोबरात, अळंब्यांच्या दिवसांत, नवरा-बायको दोघं पाइनच्या रानात गेली होती. आवेलिनो टोपली मांडीवर घेऊन एका झाडाला टेकून बसला तो उठलाच नाही. आधी बेनिल्देला वाटलं दमला असेल. मग त्याच्या तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला दिसला. सोरिया शहरातल्या दवाखान्यातून महिन्याभराने घरी आणला तेव्हा त्याची उजवी बाजू लुळी पडली होती आणि आयुष्यभर बोललेल्या भाषेतला एकच शब्द त्याच्याजवळ उरला होता. तोका.

दवाखान्यात बोलणं शिकवायला एक तरुण बाई यायची. तिने समजावलं, की असं होतं. मेंदूत रक्त अडलं की शब्द जातात, पण वर्षानुवर्षं जिभेवर घोळलेला एखादा शब्द कधीकधी टिकून राहतो. कुणाची शिवी उरते, कुणाचं देवाचं नाव. "याच शब्दाने सुरुवात करू," ती म्हणाली. तिने चित्रं दाखवली, पेला, किल्ली, कुत्रा. आवेलिनो प्रत्येक चित्राकडे नीट बघायचा आणि तोका म्हणायचा, आणि म्हटल्यावर त्याला स्वतःलाच कळायचं की हे ते नव्हे. तेव्हा तो डोळे मिटून घ्यायचा.

हाच शब्द का, ते बेनिल्देला विचारायची गरज नव्हती. आवेलिनोने उमेदीची सगळी वर्षं रस्त्यावरचा बर्फ काढणारा ट्रक चालवण्यात घालवली होती. हिवाळ्यात पहाटे फोन वाजायचा. पलीकडून मुकादम एवढंच म्हणायचा, "आवेलिनो, तोका," आणि फोन ठेवून द्यायचा. आवेलिनो अंधारात बायकोला म्हणायचा, "तोका," आणि बूट चढवून निघायचा. म्हणजे बर्फ पडलाय, घाट बंद झालाय, जावं लागतंय. इतके हिवाळे तो शब्द त्या खोलीत बोलला गेला होता की बाकी सगळं वाहून गेलं तरी तेवढा तळाशी राहिला.

पण आता त्या शब्दाचा अर्थ काय, हे बेनिल्देला नव्याने शिकावं लागत होतं. सत्तरी ओलांडलेली, जन्मात स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा कानावर न पडलेली बाई, आणि ती आपल्याच भाषेतलं रोजचं क्रियापद शिकायला बसली होती.

तसं ते क्रियापद साधंच. मराठीत आपण हात लागला म्हणतो, नंबर लागला म्हणतो, जावं लागतं म्हणतो, लॉटरी लागली म्हणतो, साधारण त्याच वळणाचं. वर त्यात घंटा वाजवणंही येतं, बाजा वाजवणंही येतं आणि दार ठोठावणंही. धडधाकट माणसाच्या तोंडी यातलं काय ते पुढच्या-मागच्या शब्दांवरून कळतं. आवेलिनोजवळ पुढचे-मागचे शब्दच नव्हते. होते ते डोळे आणि डावा हात.

मग बेनिल्दे डोळ्यांवरून ओळखायला शिकली. घड्याळाकडे बघून तोका म्हणजे गोळीची वेळ झाली. दाराकडे बघून म्हणजे कुणीतरी आलंय. पाववाल्याच्या गाडीचा भोंगा खालच्या वळणावर वाजला की तिच्या आधी त्याला ऐकू यायचं, तोही तोकाच. चर्चची घंटा हळू, एकेक करून वाजायला लागली की तो मान खाली घालून म्हणायचा, आणि तिला कळायचं की कुणीतरी गेलं. हिवाळ्यात गावात दहा-बारा घरांतच चूल पेटायची, त्यामुळे कोण गेलं असेल ते दोघंही मनात लगेच मोजून घ्यायची. दुपारी ती टेबलावर पत्ते मांडायची. दोन बाजूंचे पत्ते तिलाच धरावे लागायचे. त्याने डाव्या हाताचं बोट ज्यावर ठेवलं तो पत्ता ती टाकायची, आणि मग तो म्हणायचा, "तोका." तुझी पाळी. पत्त्यांत मात्र तो शब्द अगदी जिथल्या तिथे बसायचा. त्या अर्ध्या तासात कुणी खिडकीतून बघितलं असतं तर म्हणालं असतं, या माणसाला काही झालेलं नाही.

सगळेच दिवस असे नसायचे. डिसेंबरात एका दुपारी तो जेवणानंतर जे सुरू झाला ते थांबेना. तोका. तिने पाणी दिलं. तोका. संडासला नेलं, आणलं. तोका. खिडकी उघडली, लावली, टीव्ही लावला, बंद केला, शालीची घडी बदलली. तो डावा हात मांडीवर आपटायचा आणि पुन्हा तेच. शेवटी ती कपाटाला टेकून उभी राहिली आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या रिकाम्या घराच्या छपरावरची कबुतरं उडाली.

"काय लागतंय तुला? काय ते एकदाचं सांग!"

तो गप्प झाला. संध्याकाळपर्यंत गप्पच राहिला.

झोपवताना तिने त्याचा लुळ्या पायाचा बूट काढला. आत मोज्याची घडी पडली होती आणि टाचेवर रुपयाएवढा फोड आला होता, फुटून रक्ताळलेला. त्या पायाला जाणीव नाही असं डॉक्टर म्हणाले होते. थोडी असणार, कारण तो दुपारभर तेच सांगत होता. बूट लागतोय. बेनिल्दे जमिनीवर बसली, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि कोमट पाण्याने पुसत राहिली. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. इतकी दमली होती की रडायलाही कुठून तरी बळ आणावं लागलं असतं.

*

नाताळ झाल्यावर तालुक्याच्या कचेरीने आठवड्यातून तीन सकाळी मदतीला एक बाई धाडली. रूमियाना तिचं नाव, बल्गेरियाची. नवरा लाकडाच्या कारखान्यात होता. चाळिशीची, अंगाने भक्कम, हात गरम. आवेलिनोला खुर्चीतून उचलायची तर एका दमात. स्पॅनिश मात्र तिचं मोडकंतोडकं होतं आणि ते सुधारायची तिला घाई होती, कारण कचेरीतली बाई म्हणाली होती, भाषा आली तर पक्कं काम मिळेल.

दुसऱ्या आठवड्यात ती आवेलिनोची दाढी करत होती. बेनिल्दे चुलीपाशी सूपसाठी लसूण सोलत होती.

"बेनिल्देबाई," रूमियाना म्हणाली, "हे सारखं म्हणतात, तोका. ते काय?"

"सगळंच," बेनिल्दे म्हणाली.

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे हात लावणं. पाळी येणं. करावं लागणं. घंटा वाजणं."

रूमियानाने वस्तरा धुतला. "हे तर चार झाले. एकाच शब्दाचे?"

"आणखी आहेत. लॉटरीही लागते."

"ती मला नाही लागत," रूमियाना म्हणाली.

तिला ते क्रियापद आवडलं. कामाच्या माणसाला ते पहिल्या दिवसापासून लागतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने ते लगेच वापरायला घेतलं आणि लगेच चुकवलं. खालच्या आळीत ओनोरिओ नावाचा म्हातारा राहायचा, त्याच्याकडेही ती जायची. निघताना तिला सांगायचं होतं, गुरुवारी तुमच्याकडे माझी पाळी. तिने सांगितलं, "गुरुवारी मी तुम्हाला हात लावते." गुरुवारी ती गेली तर ओनोरिओ इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून बसलेला.

बेनिल्देला हे सांगताना तिला त्यात काय चुकलं तेच माहीत नव्हतं. बेनिल्दे हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि ते हसू कमरेत लागलं म्हणून मध्येच थांबली. आवेलिनोचाही डावा गाल हलला.

"अगं, यो तोको म्हणू नकोस. यो तोको म्हणजे मी हात लावते. पाळी सांगायची तर मे तोका म्हण."

"पण काम मी करते. मग मी पाहिजे ना पुढे?"

"नाही. मी पुढे नाही. काम पुढे." बेनिल्दे लसूण खाली ठेवून विचार करायला लागली. हे तिने कधी कुणाला समजावलं नव्हतं. "काम येतं आणि माणसाला लागतं. माणूस काही करत नाही. तो तिथे असतो, एवढंच. मे तोका म्हणजे मला. ते तोका म्हणजे तुला. ले तोका म्हणजे त्याला, तिला."

"मे, ते, ले." रूमियानाने फेस पुसला. "माझी आई गावी आहे. आजारी. बहीण बघते. मग, बहिणीला... ले तोका?"

"बरोबर."

"मला नाही." रूमियाना आवेलिनोच्या हनुवटीकडे बघत म्हणाली. "मी इथे आले. म्हणून तिला."

बेनिल्देने लसूण पुन्हा हातात घेतला. 

थोड्या वेळाने रूमियाना पुन्हा म्हणाली, "मे तोका तुम्ही रोज म्हणता. लाकडं आणायची, मे तोका. अंघोळ, मे तोका. औषधाला सोरियाला जायचं, मे तोका. ते मला कळलं. पण तुला, ते तोका, हे तुम्ही म्हणत नाही. ते कधी म्हणतात?"

"पत्त्यांत म्हणतात."

"आणखी?"

"पोरांना म्हणतात. आज ताटं धुवायची पाळी तुझी, असं."

"तुमच्या मुलीला म्हणायचात?"

बेनिल्देने आठवून पाहिलं. नोएलिया टेबलापाशी पुस्तक उघडून बसलेली असायची आणि ताटं बेनिल्देच धुवायची. पोरीने शिकावं, या गावात म्हातारं होऊ नये, हे तिचं आणि आवेलिनोचं ठरलेलं होतं. पोर शिकली आणि गेली. म्हणजे ठरवलं ते झालं.

"नाही," ती म्हणाली. "तिला अभ्यास असायचा."

*

नोएलिया सारागोसाला एका दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायचं, वेळा द्यायचं काम करायची. नवऱ्यापासून वेगळी झाली होती, दोन मुलगे तिच्याजवळ होते. गाडीने दोन-अडीच तासांचा रस्ता. नाताळात येऊन गेली होती. दर रविवारी दुपारी न चुकता फोन करायची.

"कशी आहेस आई?"

"ठीक."

"बाबा?"

"तसेच."

"ती बाई येते ना?"

"येते. चांगली आहे."

"तू किती करतेस गं. काय हे तुझ्या वाट्याला आलं."

"मला करावं लागणारच ना. दुसरं कोण आहे?" बेनिल्दे म्हणायची. हे ती तक्रार म्हणून म्हणायची नाही. पाऊस पडला तर पडला म्हणावं तसं. पलीकडून नोएलिया म्हणायची, काही लागलं तर सांग हं. आणि बेनिल्दे म्हणायची, काही नको, तू पोरांकडे बघ. फोन ठेवल्यावर आवेलिनो तिच्याकडे बघत बसलेला असायचा.

फेब्रुवारीत थंडीने कळस गाठला. नळाचं पाणी सकाळी गोठायचं. बेनिल्देला आधी खोकला झाला, मग ताप. दोन दिवस तिने तो उभ्यानेच काढला. तिसऱ्या सकाळी चुलीपाशी वाकली ती तिथेच पाटावर बसली. लाकडं हातात होती, काडेपेटी खिशात होती, पण ती दोन कामं जोडून एक करायचं तिला सुचेना. पाववाल्याचा भोंगा वाजला, वाजून वाजून थांबला, गाडी पुढे गेली. शेजारच्या खोलीतून आवेलिनो म्हणत होता, तोका, तोका, आणि तिला तो आवाज विहिरीत बोलल्यासारखा येत होता.

रूमियाना आली तेव्हा घर बाहेरच्याइतकंच गार होतं. आवेलिनो नुसत्या बनियनवर पलंगाच्या कडेला बसला होता, ओठ निळसर पडले होते. तिने आधी त्याला गुंडाळलं, मग चूल पेटवली, मग बेनिल्देला दंडाला धरून वरच्या खोलीत नेऊन झोपवलं. कपाळाला हात लावला आणि बल्गेरियनमध्ये काहीतरी पुटपुटली.

"बरं वाटेल मला," बेनिल्दे म्हणाली. "थोडं पडते. मग उठते."

"नाही उठत," रूमियाना म्हणाली.

"त्याचं जेवण..."

"मी अकराला ओनोरिओकडे. मग दुसऱ्या गावात. मी थांबू शकत नाही. कचेरी रागवते." जिन्यात पावलं वाजली. खाली भिंतीवरच्या फोनशेजारी चिकटवलेल्या कागदावर नोएलियाचा नंबर होता.

बेनिल्देला वरून एकाच बाजूचं बोलणं ऐकू आलं. रूमियाना फोनवर फार मोठ्याने बोलायची, जणू सारागोसापर्यंत आवाज तिलाच पोचवायचा होता.

"नोएलिया? मी रूमियाना. आई आजारी. ताप, खूप. बाबा गार पडले, आता बरे... नाही, डॉक्टर दुपारी... नाही. मी नाही थांबत. मला दुसरं घर... शेजारीण? शेजारीण ऐंशी वर्षांची."  मग रूमियाना म्हणाली, हळू, शब्द वेगवेगळे करून, शाळेत धडा म्हणावा तसे, "ते तोका. हो. तुला. ते तोका आ ती, तुलाच."

वर बेनिल्देने डोळे मिटून घेतले. लाज वाटली तिला. बल्गेरियाहून आलेल्या बाईला आपली भाषा आपणच शिकवली आणि तिने ती अशी नागडी करून पोरीसमोर ठेवली. आपण म्हटलं असतं तर आधी कशी आहेस, पोरं काय म्हणतात, तुला त्रास नको पण, असं सगळं घालून म्हटलं असतं. आणि मग उरलेलं म्हटलंच नसतं.

रूमियाना वर आली. उशाशी पाणी ठेवलं, आवेलिनोचं सूप चुलीच्या कडेला असल्याचं सांगितलं. "मी बरोबर बोलले?" तिने विचारलं.

"बरोबर," बेनिल्दे म्हणाली.

ती गेल्यावर दहा मिनिटांनी उशीजवळचा मोबाइल वाजला.

"आई, ही कोण मला सांगणारी?" नोएलिया म्हणाली. "कामावर फोन करते, पेशंट समोर बसलेत, आणि म्हणते तुझी पाळी. जशी काही मी लपून बसलेय. किती ताप आहे तुला?"

"आहे."

"आहे म्हणजे किती? आणि रविवारी म्हणालीस ठीक आहे. दर रविवारी म्हणतेस ठीक आहे. मी काय समजायचं? ती म्हणते बाबा गारठले होते. आई, तिला नीट बोलता येत नाही म्हणून तसं म्हणाली ना? तसं नव्हतं ना म्हणायचं तिला?"

इथे बेनिल्देला फक्त हो म्हणायचं होतं. तिचं स्पॅनिश कच्चं आहे, मनावर घेऊ नकोस. तोंडाशी आलंही होतं. खाली आवेलिनोने खुर्चीचा हात ठोकला, एकदा, दोनदा. उठायला हवं होतं. तिने पाय हलवून पाहिले आणि ते पांघरुणाखाली दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे पडून राहिले.

"तिला तसंच म्हणायचं होतं," बेनिल्दे म्हणाली.



"ते तोका, पोरी," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक आला की ऐकू गेलं की नाही याची तिला शंका आली. पुन्हा म्हणायचं तिच्यात त्राण नव्हतं.

"येते," नोएलिया म्हणाली. "डॉक्टरला सांगते आणि निघते."

*

संध्याकाळच्या आत ती आली. मुलांना त्यांच्या बापाकडे सोडून, बॅगेत कपडे कोंबून. आल्या आल्या तिने खिडक्या बघितल्या, चूल बघितली, गोळ्यांचा डबा बघितला आणि ओठ मिटून कामाला लागली. रागावलेली होती, तरी हात चालत होते. बेनिल्देला तिचं हे लहानपणापासून माहीत होतं.

पहिल्या दिवशी दर दहा मिनिटांनी जिन्यातून हाक यायची. "आई, काय म्हणतायत ते?"

"कुठे बघतोय?"

"माझ्याकडे."

"मग गोळी नाही. घड्याळाकडे बघितलं तर गोळी. हाताने काही दाखवतोय?"

"मांडीवर ठोकतायत."

"बूट बघ. मोजा बघ."

मोजा ठीक होता. पाणी नको होतं. बेनिल्दे वरून एकेक सुचवत राहिली, नोएलिया एकेक करून पाहत राहिली, आणि शेवटी आवेलिनो झोपून गेला, तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं की त्याला काय हवं होतं. अशीही तोका असायची. बेनिल्देला ते ठाऊक होतं, नोएलियाला नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला तेव्हा टेबलावर पत्ते पडले होते. नोएलियाला वाटलं खेळायचंय. तिने पत्ते पिसले, वाटले, हसून त्याच्यासमोर धरले. त्याला संडासला जायचं होतं. तिच्या लक्षात यायला उशीर झाला. मग तिने बापाची विजार बदलली, खुर्ची धुतली, फरशी पुसली. हे तिने आधी कधी केलं नव्हतं. बाप सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून होता. ती पण त्याच्याकडे बघत नव्हती.

वर आली तेव्हा तिच्या हातांना क्लोरीनचा वास होता. पलंगाच्या पायथ्याशी बसली.

"रोज असं असतं?" तिने विचारलं.

"रोज नाही."

"तू कधीच सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? तुझ्यामागे तुझं आहे."

"ते मी ठरवलं असतं ना," नोएलिया म्हणाली. "तू विचारलंसच नाहीस. कधी ताटसुद्धा धुवायला लावलं नाहीस मला. मी दर रविवारी विचारायचे, काही लागलं तर सांग. तुला वाटायचं मी तोंडदेखलं विचारते?"

बेनिल्दे विचार करत राहिली. खरं सांगायचं तर तिला तसंच वाटायचं. आणि कदाचित ते थोडं तसंच होतंही. पण कुणी सांगावं, विचारलं असतं तर काय झालं असतं.

"मला ते म्हणायची सवय नाही," ती म्हणाली.

"ती तर मला दिसतेच आहे." नोएलियाने नाक पुसलं. "आणि मलाही, खरं म्हणजे, सोयीचंच पडायचं ते. तू नको म्हणायचीस आणि मी फोन ठेवायचे. मग पोरांना घेऊन बागेत जायचे. वाईट वाटायचं, पण बागेत जायचे."

 खालून आवाज आला, "तोका."

बेनिल्देने कोपर टेकून उठायची तयारी केली. सवयीने, विचार न करता. नोएलियाने तिच्या खांद्यावर हात ठेवला, जोर न लावता, आणि उठून गेली. जिन्यात तिची पावलं वाजली. मग खाली तिचा आवाज, "काय, बाबा? उजेड? खिडकी? थांबा, एकेक करून बघू." मग खुर्ची सरकली. मग परत तोका, आणि परत नोएलियाचा आवाज, जरा चढलेला, मग उतरलेला. काहीतरी पडलं. काय पडलं ते बेनिल्देने विचारलं नाही. तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि भिंतीकडे वळली. खाली शोधाशोध चाललेली असतानाच तिला झोप लागली, भर दुपारी, जशी लहानपणी लागायची.

आठवडाभराने नोएलिया परत गेली. जाताना ठरलं, की एक आड एक शनिवार-रविवार तिचा. सगळे पाळले गेले नाहीत. कधी मुलगा आजारी पडायचा, कधी घाटात बर्फ असायचा, कधी ती नुसतीच दमलेली असायची आणि फोनवर तसं सांगायची. बेनिल्दे आता "बरं, नको येऊस" म्हणायची नाही. "मग पुढच्या शनिवारी ते तोका," म्हणायची. प्रत्येक वेळी जड जायचं, पण म्हणायची. मे महिन्यात रूमियानाची परीक्षा झाली आणि कचेरीने तिला शहराजवळ पक्कं काम दिलं. तिच्या जागी जवळपासचीच एक मुलगी आली. चांगली होती, पण आवेलिनोला उचलताना धापा टाकायची.

आवेलिनोला दुसरा शब्द आला नाही. बोलणं शिकवणारी बाई वसंतात म्हणाली, आता फार आशा धरू नका.

जूनमधल्या एका शनिवारी बेनिल्दे घराच्या दक्षिण भिंतीशी दगडी बाकावर बसली होती. ऊन पडलं होतं. नोएलिया सकाळीच आली होती, आत बापाला नाश्ता देत होती. उघड्या खिडकीतून आवाज आला, आणि बेनिल्देचे पाय आपोआप उठायला निघाले. तिने हात गुडघ्यांवर दाबून धरले. आत नोएलिया म्हणाली, "पाव? नाही? मग लोणी?" आवेलिनो काहीतरी पुन्हा म्हणाला. तिने पुन्हा विचारलं. खूप वेळ लागला. बेनिल्देला उत्तर माहीत होतं, सूर्य त्याच्या डोळ्यांवर येत असणार, या वेळेला येतोच. तिने ते सांगितलं नाही.

शेवटी आतून पडदा सरकल्याचा आवाज आला.